एका शेडमधले तिघे आणि एक ‘नॉर्मल’ रिपोर्ट

कोल्हापुरात मलेरियाची स्लाइड पॉझिटिव्ह निघाली की आमच्या लॅबमधला तंत्रज्ञ अजूनही खुर्ची मागे सारून मला हाक मारतो. डेंग्यूचं तसं नाही, पावसाळ्यात त्याची रांगच लागते. मलेरिया मात्र माझ्याकडे बहुतेक वेळा परगावाहून कुणाच्या तरी अंगात बसून येतो. गोव्यातल्या बांधकामावरून, मुंबईहून, नाहीतर ओडिशाकडून फाउंड्रीत कामाला आलेल्या पोराबरोबर. म्हणून एका गणपतीत, दहाएक दिवसांच्या आत, एकाच घरातून तीन स्लाइड पॉझिटिव्ह आल्या तेव्हा मी त्या बाजूला काढून ठेवल्या. या तीन स्लाइड आणि त्यांतल्या एकापायी माझ्या हातून गेलेला एक रिपोर्ट, एवढंच हे प्रकरण आहे. घरच्यांनी लिहायला होकार दिला आहे. नावं आणि गाव देत नाही.

तिघे गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यात रस्त्याच्या कामावर होते. एक पोकलेन चालवणारा, एकोणतीस वर्षांचा, करवीर तालुक्यातला. दुसरा त्याचा आतेभाऊ, चौतिसाचा, त्याच कामावर वेल्डिंग करायचा. तिसरा तिथलाच, भामरागडकडचा बावीस वर्षांचा माडिया मुलगा, हेल्पर. पत्र्याच्या एकाच शेडमध्ये तिघांचा मुक्काम, जेवण एकत्र, आणि मच्छरदाणी कुणाच्याच नशिबात नाही. गणपतीला घरी यायचं ठरलं तेव्हा हेल्परही म्हणाला, मलाही कोल्हापूर बघायचंय. नागपुरातून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरून तिघे एका दिवसाहून जास्त प्रवास करून चतुर्थीच्या दोन दिवस आधी उतरले. येताना त्यांच्याबरोबर काय आलं होतं हे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

आधी आडवा झाला आतेभाऊ. चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप. गल्लीतल्या डॉक्टरांनी पावसाळा बघून डेंग्यू धरला, ते चूक म्हणवत नाही. डेंग्यूची एनएसवन तपासणी निगेटिव्ह आली, प्लेटलेट मात्र एक्केचाळीस हजार. मग जे प्रत्येक घरात होतं तेच झालं: पपईच्या पानांचा रस, किवी, नारळपाणी. चौथ्या दिवशी तो असंबद्ध बडबडायला लागला आणि आईला ओळखेना, तेव्हा रिक्षात घालून हॉस्पिटलात आणला. स्लाइडवर फाल्सिपॅरम, मलेरियाचा सगळ्यांत घातक जंतू. तांबड्या पेशींत अगदी नाजूक अंगठ्या, काहींत दोन-दोन ठिपके, काही पेशीच्या कडेला चिकटलेल्या, आणि शंभरातल्या सात पेशी बाधित. एवढं भरलेलं क्षेत्र मी कोल्हापुरात क्वचित पाहिलं आहे. शिरेतून आर्टेसुनेट सुरू झालं, पहिला डोस, बारा तासांनी दुसरा, चोवीस तासांनी तिसरा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने चहा मागितला. आठवड्याने घरी गेला.

त्याच्या जनुकांत काय होतं असं मला नंतर एकाने विचारलं. मी म्हटलं, त्याच्या बाबतीत जनुकांपर्यंत जायची गरजच नाही. पंचगंगेच्या काठी वाढलेला, आयुष्यात मलेरिया न झालेला माणूस, आणि निदानाला चार दिवस उशीर. फाल्सिपॅरमला एवढं पुरतं. रक्तगट ‘ओ’ असलेल्यांत गंभीर मलेरिया थोडा कमी होतो हे खरं आहे, कारण बाधित पेशींचे झुपके ‘ए’ आणि ‘बी’ गटांत जास्त सहज बांधले जातात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. हा गडी ‘बी’ होता. पण त्यावरून त्याची बेशुद्धी समजावणं म्हणजे पूर आल्यावर घराच्या पायरीची उंची मोजत बसणं. शहरात ज्याला कुणाला ताप आहे आणि जो जंगलातून आला आहे, त्याची स्लाइड पहिल्या दिवशी झाली पाहिजे. त्या घराला हे कळायला चार दिवस लागले.

आतेभाऊ असा धडपडत असताना हॉस्पिटलने घरातल्या बाकीच्यांचंही रक्त घेतलं. हेल्पर म्हणाला, मला काही नाही. खरंच नव्हतं. जरा अंग दुखतंय म्हणाला, तेही प्रवासाचं समजून सोडून दिलेलं. त्याची जाड थेंबाची स्लाइड बघताना मी सुरुवातीला निगेटिव्हच म्हणणार होतो. मग एक अंगठी दिसली, पुढच्या वीस क्षेत्रांत आणखी एक, आणि त्यानंतर केळीच्या घडातलं सुटं केळं असावं तशी दोन गॅमेटोसाइट, म्हणजे डासात जायला तयार झालेली जंतूची रूपं. फाल्सिपॅरमची ओळख पटवायला याहून सोपी खूण नाही. म्हणजे ज्या जंतूने आतेभावाला चार दिवसांत बेशुद्ध केलं, तोच जंतू या पोराच्या रक्तात आरामात बसला होता, आणि पोरगा आरतीला झांज वाजवत होता.

खुलासा त्याच्या पाकिटात होता. आधार कार्डाच्या मागे प्लॅस्टिकच्या पिशवीत आरोग्य विभागाचं सिकलसेल वाहकाचं कार्ड. आमच्याकडे एचपीएलसीवर, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासलं तर हिमोग्लोबिन एस चौतीस टक्के, बाकी बहुतांश नेहमीचं हिमोग्लोबिन ए. म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडून सिकलचं जनुक आलेलं, दुसऱ्याकडून साधं.

हा फरक केवढासा असतो? बीटा ग्लोबिन साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, बस. दोन्हीकडून आलं तर सिकलसेल आजार, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी, असह्य वेदना. एकाच बाजूने आलं तर माणूस धडधाकट, आणि वर फाल्सिपॅरमच्या गंभीर मलेरियापासून सुमारे नव्वद टक्के बचाव. आपल्याकडे विदर्भात, नंदुरबारात, गोंड, माडिया, भिल्ल, पावरा अशा समाजांत हे जनुक का टिकलं, त्याचं उत्तर या आकड्यात आहे. जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या पोरं उचलून नेत होता तिथे वाहक पोरं जगली, मोठी झाली, त्यांना मुलं झाली. त्या बचावाची किंमत ज्यांच्या वाट्याला दोन्ही बाजूंनी जनुक आलं त्या मुलांनी मोजली.

ही कल्पना पहिल्यांदा नीट मांडली ती ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी, 1949 साली, आणि तीही सिकलबद्दल नव्हे तर थॅलेसेमियाबद्दल. पुढे हेच हाल्डेन भारतात येऊन स्थायिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. सिकल आणि मलेरियाचा धागा अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत जुळवला. किनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराभोवती, म्हणजे मलेरियाच्या मुलखात, वाहक जास्त. उंचावरच्या थंड भागात कमी. त्यांचं काम 1954 मध्ये छापून आलं.

वाहकाच्या पेशीत जंतू शिरतो, हे मुद्दाम सांगायला हवं. कार्ड पाकिटात असलं म्हणजे डास चावत नाहीत की ताप येत नाही, असं काही नाही. पेशी बारीक वाहिन्यांत अडकते, तिथे ऑक्सिजन कमी, आणि अशा वेळी एस असलेल्या पेशीत जंतूची वाढ रखडते. बाधित पेशी आपल्या पृष्ठभागावर चिकटण्यासाठी ज्या गाठी उभ्या करते त्याही वाहकांत वेड्यावाकड्या उठतात, त्यामुळे मेंदूच्या वाहिन्यांच्या भिंतीला ती घट्ट धरू शकत नाही. प्लीहासुद्धा अशा पेशी लवकर उचलते. मेंदूचा मलेरिया टळतो तो इथे. आणि जंतूही काही स्वस्थ बसलेला नाही. गांबिया आणि केनियातल्या अभ्यासांत फाल्सिपॅरमचे काही जनुकीय प्रकार असे सापडले आहेत, की ते असलेल्या जंतूंपुढे सिकलचा बचाव बराच ढिला पडतो.

मग हेल्पर वाचला तो सिकलमुळेच का? इथे माझं आणि आमच्या फिजिशियन मित्राचं थोडं वाजलं. तो म्हणे, सरळ आहे, पुस्तकातली केस. मी म्हणे, भामरागडकडचा मुलगा आहे, लहानपणापासून किती वेळा मलेरिया झाला असेल, त्याचं त्यालाही आठवत नाही. वारंवार लागण झालेल्या माणसाच्या शरीराला जंतूची सवय होते, ताप न येता थोडे जंतू रक्तात राहतात. त्याच्यात दोन्ही गोष्टी आहेत, आणि एका माणसात त्या वेगळ्या काढता येत नाहीत. त्यासाठी हजारो मुलं लागतात, काही वाहक, काही नसलेली, एकाच गावात एकाच डासांखाली वाढलेली. नव्वद टक्क्यांचा आकडा अशा अभ्यासांतून येतो, एका स्लाइडवरून नाही. माझ्या मित्राने मान हलवली आणि विषय जेवणाकडे वळवला.

हेल्परला तीन दिवसांचं एसीटी, म्हणजे फाल्सिपॅरमवरच्या नेहमीच्या जोडगोळ्या, आणि गॅमेटोसाइट मारायला प्रायमाक्विनचा एकच डोस दिला. आशाताई आणि मलेरिया विभागाची माणसं येऊन गल्लीतली पिंपं, टायर, कुंड्या बघून गेली. ही काळजी रास्त होती. ज्याला ताप नाही त्याला डास जास्त सहज भेटतो.

आता पोकलेनवाला. खरं प्रकरण त्याचंच.

गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला हुडहुडी भरली. आतेभावाचं ताजं असल्याने घरच्यांनी एक तासही दवडला नाही. किटवर व्हायवॅक्सची, म्हणजे मलेरियाच्या दुसऱ्या जंतूची रेघ, फाल्सिपॅरमची नाही. स्लाइडवरही तेच: सुजून मोठ्या झालेल्या तांबड्या पेशी, त्यात अमिबासारखा पसरलेला जंतू आणि भोवती शुफनरचे गुलाबी ठिपके. सगळ्यांना हायसं वाटलं. व्हायवॅक्स म्हणजे तसा सौम्य, असं म्हणायची पद्धत आहे.

व्हायवॅक्सला पेशीत शिरायला डफी नावाचं दार लागतं. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुसंख्य लोकांच्या तांबड्या पेशींवर हे दारच नसतं, म्हणून तिथे व्हायवॅक्स फार कमी. लुई मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 1976 मध्ये दाखवलं. आपल्याकडे जवळपास सगळ्यांच्या पेशींवर हे दार आहे, म्हणजे कोल्हापूरकराला ती सवलत नाही.

औषधं नेहमीची दिली गेली. क्लोरोक्विन तीन दिवस, आणि यकृतात झोपून राहिलेल्या जंतूंसाठी प्रायमाक्विन पंधरा मिलिग्रॅम, रोज एक, चौदा दिवस. वजन साठ किलो, हिमोग्लोबिन 13.4. ताप दोन दिवसांत उतरला. प्रायमाक्विन देताना लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवा, काळसर झाली तर गोळी थांबवून परत या, हे सांगायचं असतं. त्याला सांगितलं गेलं नाही. सांगितलं असलं तरी गणपतीच्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहिलं नाही, अशीही एक बाजू निघाली. मी वादात पडलो नाही, पण त्या चिठ्ठीवर तशी ओळ नव्हती हे मी पाहिलं आहे.

चौथ्या गोळीनंतर लघवीचा रंग बदलला. सहाव्या दिवशी सकाळी त्याची आई लॅबच्या काउंटरवर पाण्याची बाटली घेऊन उभी. आत कोकमाच्या आगळासारखं काहीतरी. “डॉक्टरसाहेब, पोराची लघवी हाय ही. रगत जायलंय म्हणत्यात समदी. खरं तसं दुखत न्हाई त्याला कुठं.” (आमच्याकडे ‘पण’ म्हणायचं तिथे ‘खरं’ म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) बाटली फिरवली, गाळ नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी नाहीत, पण पट्टीवर रक्ताची खूण ठळक. म्हणजे रक्त गळत नव्हतं. पेशी आत फुटत होत्या आणि हिमोग्लोबिन लघवीवाटे बाहेर पडत होतं. डोळे पिवळे, हिमोग्लोबिन 6.6. रक्ताच्या काचेवर एका कडेला चावा घेतलेल्या भाकरीसारख्या पेशी, अनेक.

प्रायमाक्विन चालू असताना पेशी फुटल्या की जी-सिक्स-पीडी या, तांबड्या पेशींना सांभाळणाऱ्या एन्झाइमची कमतरता कुणाच्याही मनात आधी येईल. फिजिशियनने प्रायमाक्विन थांबवलं, रक्त चढवण्याआधी नमुना माझ्याकडे पाठवला. मी रंग उडण्याची चाचणी लावली. नळीत रक्ताचं पाणी आणि निळा रंग. एन्झाइम पुरेसं असेल तर तासाभरात निळा उडून नुसता तांबडा राहतो. नसेल तर निळा कितीतरी तास हटत नाही. त्याच्या नळीतला निळा पन्नास मिनिटांत उडाला. मी लिहिलं: नॉर्मल.

त्या एका शब्दाने पुढचे दोन दिवस वाया घालवले. नॉर्मल म्हटल्यावर फिजिशियन दुसरीकडे शोधू लागला. भातशेतीच्या भागात लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप, पहिल्यांदा आठवतो, त्याची तपासणी झाली. फाल्सिपॅरम लपून बसलाय का म्हणून पुन्हा स्लाइड झाल्या. आणि दुसऱ्या दिवशी राउंडला एकाने विचारलं, एन्झाइम नॉर्मल आहे तर प्रायमाक्विन पुन्हा सुरू करायचं का?

सुरू झालं नाही, ते त्याच्या आईमुळे.

तिने मला लॅबच्या बाहेर जिन्याखाली गाठलं. आजूबाजूला कुणी नाही हे बघून म्हणाली, “सायेब, सांगू का नको असं झालंय. माझ्या थोरल्या भावाला असंच झालं हुतं.” मी विचारलं, “कशाने, मावशी?” बराच वेळ गप्प. मग पदर तोंडाशी धरून, “डागाच्या गोळ्या चालू हुत्या त्याला.” डाग म्हणजे कुष्ठरोग. गोळ्यांत डॅप्सोन. डॅप्सोननेही याच माणसांच्या पेशी फुटतात. भावाच्या डागाची गोष्ट माहेरात कुणी उच्चारत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी ‘घरात कुणाला असं झालंय का’ विचारलं तेव्हा ती नाही म्हणाली होती. आणि हा पोरगा जन्मला तेव्हा? “पिवळा जर्द हुता. पेटीत ठेवला हुता काचंच्या, निळ्या लाइटीखाली.”

आईचा भाऊ आणि आईचा मुलगा. जी-सिक्स-पीडीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाला एकच एक्स, तो आईकडून. म्हणून आई धडधाकट, मामा आणि भाचा दोघे अडचणीत, ही या कमतरतेची घरगुती सही आहे. बाईला दोन एक्स असतात, प्रत्येक पेशीच्या वंशात त्यातला एक बंद पडतो, म्हणून वाहक बाईच्या रक्तात काही पेशी भरल्या हाताच्या आणि काही रिकाम्या असं मिश्रण असतं. जिन्याखाली ही दोन वाक्यं ऐकल्यावर मला माझा रिपोर्ट आठवला आणि पोटात गोळा आला.

चूक काय झाली ते सांगतो, कारण ती कुणाच्याही हातून होते. तांबड्या पेशीला केंद्रक नसतं. हाडातल्या मज्जेतून निघताना तिला जेवढं एन्झाइम बांधून मिळतं तेवढीच तिची शिदोरी, एकशे वीस दिवस पुरवायची. त्या शिदोरीवर पेशी ग्लुटाथायॉन ताजं ठेवते आणि ऑक्सिडीकरणाचा मारा झेलते. ज्यांच्या एन्झाइमची घडण बिघडलेली असते त्यांची शिदोरी लवकर संपते. म्हातारी पेशी म्हणजे रिकामा डबा. प्रायमाक्विनचा मारा झाला की हे रिकामे डबे आधी फुटतात. उरतात त्या तरुण पेशी, आणि मज्जा घाईघाईने आणखी कोवळ्या पेशी पाठवत असते. त्याच्या रक्तात कोवळ्या पेशी आठ टक्के झाल्या होत्या, त्यांचे डबे नुकतेच भरलेले. मी जे तपासलं ते पडझडीतून वाचलेल्यांचं रक्त होतं. निळा उडणारच.

हे पाठ्यपुस्तकात आहे, आणि मी ते विद्यार्थ्यांना शिकवलंही आहे. तरी रिपोर्टखाली ‘पेशी फुटत असताना केलेली चाचणी, तीन महिन्यांनी पुन्हा करावी’ एवढी ओळ मी लिहिली नाही. आता ती ओळ आमच्या छापील फॉर्मवरच आहे.

आईचं रक्त घेतलं. तिच्या पेशी कुठे फुटत नव्हत्या, त्यामुळे तिच्या आकड्यावर विश्वास ठेवता येत होता. मोजणीत एन्झाइम नेहमीच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे वाहक. मुलाला एक बाटली रक्त चढवलं, मूत्रपिंडं शाबूत राहिली, दहाव्या दिवशी तो घरी गेला. डिसेंबरात, दात्याच्या पेशीही निघून गेल्यावर, त्याची मोजणी केली. नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

या कमतरतेचा शोधही प्रायमाक्विननेच लावला, आणि तो इतिहास फारसा अभिमानाचा नाही. अमेरिकेत इलिनॉयमधल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर मलेरियाच्या औषधांचे प्रयोग चालत. काही कृष्णवर्णीय कैद्यांच्या पेशी प्रायमाक्विनने फुटायच्या, बाकीच्यांच्या नाही. 1956 मध्ये त्यामागे जी-सिक्स-पीडी असल्याचं उघड झालं. जगात ही कमतरता सुमारे चाळीस कोटी लोकांत आहे, आणि तिचा नकाशा जुन्या मलेरियाच्या नकाशावर बराचसा बसतो. आपल्याकडे तिचे तीन प्रकार जास्त सापडतात: मेडिटरेनियन, ओरिसा आणि केरळ-कल्याण. यातलं कल्याण म्हणजे आपलं ठाण्याजवळचंच. केरळ आणि कल्याण हे आधी दोन वेगळे प्रकार समजले गेले, मग दोघांतही जनुकातला बदल एकच निघाला. पोकलेनवाल्याचा प्रकार आम्ही शोधला नाही. त्याने उपचार बदलणार नव्हता, आणि पैसे त्याच्याच खिशातून जाणार होते.

लोक विचारतात, ही कमतरता मलेरियापासून वाचवते ना, मग याला मलेरिया झालाच कसा? वाचवते म्हणजे चिलखत घालते असं नव्हे. आग्नेय आशियातल्या महिडोल प्रकारात व्हायवॅक्सचे जंतू रक्तात कमी आढळतात, अफगाण निर्वासितांत मेडिटरेनियन प्रकारात व्हायवॅक्सचं प्रमाण कमी दिसलं. फाल्सिपॅरमच्या बाबतीत आफ्रिकेतलं मोठं काम दुतोंडी आहे: मेंदूचा मलेरिया कमी, पण मलेरियामुळे होणारा तीव्र रक्तक्षय जास्त. हजार माणसांत झुकतं माप दिसतं ते एकाच्या खाटेशी उभं राहून दिसत नाही. माझ्या मते व्यवहारात महत्त्वाचा भाग बचावाचा नाहीच. त्याच माणसाला त्याच रोगाच्या औषधाने जिवावर बेतू शकतं, हा आहे.

घरी गेल्यावर आणखी एक भानगड. पुतण्याने मोबाइलवर वाचलं की अशा माणसाने बीन्स खायचे नाहीत. झालं, घरात पावटा, वाल, घेवडा, चवळी, सगळं बंद. मावशींनी फोन करून विचारलं, “आमटी कशाची करू मग?” ज्या शेंगेने पेशी फुटतात ती बाकला (फावा बीन), वेगळी जात, आमच्याकडच्या बाजारात मी तरी पाहिलेली नाही. पावट्याचा काही संबंध नाही. त्या रविवारी त्यांनी पावट्याची आमटी केली, आणि मला डबा आला.

व्हायवॅक्सने मात्र आपला शब्द पाळला. चौदापैकी मोजक्याच गोळ्या गेल्या होत्या, यकृतात झोपलेले जंतू तसेच होते. फेब्रुवारीत, महाशिवरात्रीच्या सुमारास, पोकलेनवाला पुन्हा हुडहुडला. या वेळी तो गावाबाहेर कुठे गेलाच नव्हता. क्लोरोक्विनने ताप गेला, पण मूळ प्रश्न उरला: प्रायमाक्विन द्यायचं तर पेशी फुटणार, नाही द्यायचं तर दर काही महिन्यांनी हेच. एकाच गोळीत काम करणारं टॅफेनोक्विन 2018 पासून अमेरिकेत मान्य आहे, पण ते शरीरात खूप दिवस राहतं, म्हणून एन्झाइम कमी असलेल्यांना देतच नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने अशांसाठी सुचवलेला मार्ग आहे. रोज थोडं देण्याऐवजी आठवड्यातून एकदा, किलोमागे पाऊण मिलिग्रॅम, आठ आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली. एका डोसने म्हाताऱ्या पेशींचा एक थर जातो, मग मज्जेला सहा दिवस मिळतात. म्हणून आठ सोमवार तो सकाळी तीन गोळ्या, भाकरीबरोबर, आणि गुरुवारी माझ्याकडे हिमोग्लोबिनला. सुरुवात 14.1. पहिल्या गुरुवारी 12.8, आणि तो घाबरला. मी त्याला आधीच्या वेळचा 6.6 चा कागद काढून दाखवला. दुसऱ्या आठवड्यात 12.4, तिसऱ्यात 12.3, मग वर चढायला लागलं. आठव्या गुरुवारी 13.7. लघवीचा रंग तो रोज फोनवर फोटो काढून पाठवायचा. माझ्या गॅलरीत अजून ते आहेत, बायकोने एकदा पाहून विचारलं हे काय जमवतोस.

त्यानंतर वर्षभर ताप नाही. आता तो कामावर शिरोळला आहे, जंगलात जात नाही. पाकिटात त्याचंही एक कार्ड आहे, मीच लिहून दिलेलं, कोणती औषधं टाळायची त्याचं. हेल्पर गावी परतला. त्याच्या कार्डाचा उपयोग लग्न ठरवताना होईल, समोरची मुलगीही वाहक नाही ना हे बघायला.

एक जण राहिली. पोकलेनवाल्याची बहीण, पहिलं बाळंतपण, रिवाजाप्रमाणे माहेरी आली. सातव्या महिन्यात तिची मोजणी केली, तीही वाहक. मुलगा झाला तर निम्मी शक्यता. बाळंतपणाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली: पहिल्या आठवड्यात बाळाच्या काविळीवर लक्ष ठेवा, ही-ही औषधं नकोत. मावशींना वेगळं सांगितलं, की जुन्या दुपट्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास असेल तर ती बाळाला गुंडाळायची नाहीत, त्या वासानेही अशा बाळांच्या पेशी फुटतात. त्या एकदम थांबल्या. “अगं बाई. ह्या पोराला त्याच ट्रंकेतल्या गोधडीत गुंडाळला हुता.”

दुसऱ्या दिवशी काही कामाने त्यांच्या गल्लीतून जात होतो. अंगणात ट्रंक उघडी टाकलेली, दोरीवर गोधड्या, दुपटी, टोपडी, सगळी दोनदा धुऊन उन्हात. आणि मावशी खाली वाकून ट्रंकेच्या कोपऱ्यातून एकेक पांढरी गोळी चिमट्याने उचलून कागदात टाकत होत्या.